चलच्चित्रांचे तालिकीकरण

चलच्चित्रांचे तालिकीकरण म्हणजे चित्रपट, माहितीपट, वृत्तपट, दूरचित्रवाणी कार्यक्रम इत्यादींच्या संग्रहातील प्रत्येक कृतीची व तिच्या प्रत्येक प्रतीची ठरावीक नियमांनुसार नोंद करण्याची पद्धत होय. या नोंदीतील माहितीस मेटाडेटा म्हणतात. पुस्तक चाळून त्याचा विषय कळतो. फिल्मच्या डब्यात काय आहे हे मात्र सहज दिसत नाही, आणि जीर्ण फिल्म वारंवार यंत्रावर चढवल्यास तिची हानी होते. म्हणून संग्रहातील चित्रपट सापडणे व ओळखला जाणे हे मुख्यतः नोंदीच्या अचूकतेवर अवलंबून असते.

नोंदीचे स्तर

१९३८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट संग्रहालय महासंघाने (फियाफ) २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमपुस्तिकेत पुढील चार स्तर मानले आहेत:

• कृती – मूळ निर्मिती. शीर्षक, दिग्दर्शक, कलावंत, वर्ष, देश.
• पाठभेद – काटछाट केलेले किंवा दुसऱ्या भाषेत डब केलेले रूप.
• प्रकटीकरण – ३५ मिमी फिल्म, डीव्हीडी, डिजिटल फाइल यांसारखे उपलब्ध स्वरूप.
• नग – संग्रहातील प्रत्यक्ष प्रत. तिची रिळे, स्थिती व साठवणुकीची जागा.

एकाच कथेवरील दोन चित्रपट एका नोंदीत मिसळल्यास माहिती चुकते. प्रभात फिल्म कंपनीच्या 'शेजारी' (१९४१) या मराठी चित्रपटाची 'पडोसी' ही हिंदी आवृत्ती स्वतंत्रपणे चित्रित झाली होती. मुस्लिम शेजाऱ्याची भूमिका मात्र दोन्ही आवृत्त्यांत गजानन जागीरदार यांनीच केली होती.

भौतिक वर्णन

फिल्मचा प्रकार नोंदवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते. नायट्रेट फिल्म अतिज्वलनशील असल्याने ती वेगळी साठवतात. ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली की तिला व्हिनेगरसारखा वास येतो. मूकपटांच्या बाबतीत कालावधीपेक्षा लांबी अधिक विश्वसनीय ठरते, कारण त्या काळी प्रक्षेपणाचा वेग निश्चित नव्हता. ३५ मिमी फिल्मचे १,००० फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे ११ मिनिटे, तर १६ चौकटींच्या वेगाने सुमारे १६ मिनिटे ४० सेकंद चालते.

ओळख निश्चितीचा प्रश्न

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा चार रिळांचा मूकपट होता. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) त्याची म्हणून पहिले व शेवटचे अशी दोन रिळे जतन केलेली आहेत. परंतु काही अभ्यासकांच्या मते ही रिळे फाळके यांनीच १९१७ मध्ये त्याच कथेवर पुन्हा काढलेल्या चित्रपटाची आहेत. अशा वेळी नोंदीत केवळ '१९१३' लिहिल्यास एक मत निर्विवाद तथ्य ठरते आणि पुढील ग्रंथ व प्रदर्शने तेच उद्धृत करतात. त्यामुळे वर्ष अनुमानित असल्यास तसे दर्शवणे, अनुमानाचा आधार (श्रेयनामावली, फिल्मच्या कडेवरील खुणा, जाहिराती, सेन्सॉर प्रमाणपत्र) देणे आणि मतभेद टीपेत नमूद करणे, ही तालिकीकरणाची योग्य पद्धत मानली जाते. नवा पुरावा मिळाल्यास नोंद सुधारता येते; मात्र आधाराची नोंद नसल्यास चूक कोठे झाली याचा शोध घेणे कठीण होते.