वेठ, ठेका आणि यंत्राचा डोळा

२५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक रंगमंचावर आले आणि जगातल्या बहुतेक भाषांना एक नवा शब्द मिळाला. कारखान्यात बनवलेल्या कामकरी माणसांना काय म्हणावे, हे चापेक यांना सुचत नव्हते. त्यांचे चित्रकार भाऊ योझेफ यांनी ‘रोबोट’ सुचवला. पुढे हा शब्द इतका हिंडला की त्याचे मूळ गाव लोक विसरून गेले. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने करायचे सक्तीचे काम. बोहेमियातल्या शेतकऱ्यांनी उठाव केल्यावर १६८० मध्ये सम्राट पहिला लिओपोल्ड याने या कामाला आठवड्यात तीन दिवसांची मर्यादा घातली. १७७५ मध्ये मारिया थेरेसाने ती सक्ती आणखी सैल केली आणि १८४८ च्या क्रांतीत ती संपली. म्हणजे चापेक यांच्या पहिल्या प्रेक्षकांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी रोबोता प्रत्यक्ष केलेली असणार. शब्द ऐकताच त्यांना यंत्र आठवले नसेल, शेत आठवले असेल.

मराठीत आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे. त्यात यंत्र आले, मानव आला, पण सक्ती गळून पडली. वास्तविक नेमका शब्द आपल्या घरात होता: वेठ. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्राइतका जुना आहे. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक इथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातल्या ताम्रपटात गाव दान देताना ते सर्व विष्टीतून मुक्त असल्याचे लिहिले आहे. जी सूट कोरून द्यावी लागते, ती सक्ती किती रुळलेली असेल, हे वेगळे सांगायला नको. मी राहते त्या छत्तीसगडात याच कामाला ‘बेगार’ म्हणतात. १९१० मध्ये बस्तरमध्ये जो भूमकाल पेटला, त्याच्या कारणांत राखीव जंगलांबरोबर बेगारही होती. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवलेला आहे. मराठीने तर दोन्ही शब्द जोडून ‘वेठबिगार’ केला आणि बांधकामावरच्या अकुशल मजुराला आजही आपण ‘बिगारी’ म्हणतो.

शब्दांची ही वंशावळ मांडण्याचे कारण आजच्या मोटार कारखान्यात आहे. तिथे रोबोट काम करतो हे खरे, पण त्याला काम शिकवणारा माणूस बहुधा त्या कारखान्याचा नसतो. तो ठेक्यावर आलेला असतो. यंत्राच्या नावातून आपण वेठ काढून टाकली. ती यंत्राभोवतीच्या माणसांतून कितपत गेली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

औद्योगिक रोबोटचा इतिहास तसा लहान आहे. जॉर्ज डेव्हॉल या अमेरिकी संशोधकाने १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९६१ मध्ये ‘युनिमेट’ नावाचा त्याचा यांत्रिक हात न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून तापलेले भाग बाहेर काढू लागला. तो हात थकत नव्हता, भाजत नव्हता, रजा मागत नव्हता. पण तो आंधळा होता. त्याला ठरावीक जागा पाठ करून दिलेल्या असत. भाग दोन बोटे सरकला तरी हात रिकाम्या हवेला पकडून परत येई. त्यामुळे रोबोटपुढे प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे ठेवण्यासाठी खास फिक्स्चर बनवावी लागत आणि ती लावायला माणसे लागत. यंत्राच्या आंधळेपणाची किंमत माणसाच्या डोळ्यांनी भरून निघत होती.

म्हणून पुढची खटपट डोळ्यासाठी झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्याच संशोधकांनी ‘कॉन्साइट’ ही पद्धत बसवली. चालत्या पट्ट्यावर प्रकाशाची एक रेघ टाकायची. वस्तू खाली आली की रेघ मोडते आणि त्या मोडण्यावरून वस्तूचा आकार व जागा कळते. पुढे कॅमेरे स्वस्त झाले, संगणक वेगवान झाले, तरी तत्त्व फारसे बदलले नाही. मोटारीचा सांगाडा लाइनवर येऊन थांबतो तेव्हा तो दर वेळी अगदी त्याच जागी थांबत नाही. दोन मिलिमीटर इकडे, एक मिलिमीटर तिकडे, किंचित तिरका. कॅमेरा सांगाड्यावरची दोन-तीन ठरलेली छिद्रे पाहतो, मूळ जागेपासून ती किती सरकली ते मोजतो आणि रोबोटला शिकवलेला सगळा मार्ग तितकाच सरकवतो. मग काच नीट बसते, सीलंटची धार शिवणीवरून ढळत नाही.

वाचायला हे सोपे वाटते. करताना मात्र प्रकाशाशी झटापट असते. पत्र्यावर तेलाचा थर असला की तो चमकतो आणि कॅमेऱ्याला छिद्र दिसत नाही. छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी ऊन उतरते आणि सकाळी बिनचूक चाललेले काम चार वाजता बिघडते. कॅमेऱ्याचे माप आणि हाताचे माप एकमेकांशी जुळवावे लागते, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. कुणाचा धक्का लागून कॅमेरा केसभर हलला, तरी ते पुन्हा करावे लागते. हे सगळे ज्या हातातल्या खोक्यावरून होते त्याला कामगार नुसते ‘पेंडंट’ म्हणतात. आणि रोबोटला एकेका बिंदूवर नेऊन तो बिंदू नोंदवण्याच्या क्रियेला साऱ्या जगात एकच शब्द आहे: शिकवणे.

महाराष्ट्रात या शिकवण्याचे मोठे केंद्र पुण्याभोवती आहे. १९६० च्या दशकात टेल्को पिंपरीत आली तेव्हा सुमंत मुळगावकरांनी हत्यारे आणि साचे घरच्या घरी बनवण्यावर आणि शिकाऊ कामगार तयार करण्यावर भर दिला होता. जो माणूस साचा घडवी, तो कंपनीच्या हजेरीपटावर असे. त्याचे ज्ञान त्याच्या निवृत्तीपर्यंत त्याच आवारात राही आणि पुढच्या पोरांना मिळे. चाकणची गोष्ट वेगळ्या काळातली आहे. बजाज ऑटोचा कारखाना तिथे १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये, त्यानंतर महिंद्राचा. बजाजने २०१० पासून डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे हलके हात लाइनवर आणले. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० औद्योगिक रोबोट बसवले गेले. त्यांतले ३,५५१ मोटार उद्योगात होते.

हे रोबोट चालू करून देण्याचे काम उतरंडीने खाली येते. मोटार कंपनी लाइन उभारण्याचे काम एका मोठ्या कंपनीला देते. ती रोबोट बसवण्याचा भाग दुसरीला देते. दुसरीकडे माणसे कमी पडली की ती माणसे पुरवणाऱ्या एजन्सीला फोन करते आणि एजन्सी एका तरुणाला. काम मिळते ते लाइन बंद असताना: सणाची सुट्टी, वर्षअखेरीचा शटडाऊन, रविवारची रात्र. घरचे लोक दिवाळीचा फराळ करत असतात तेव्हा हा बॉडी शॉपमध्ये असतो. रायपूर-भिलाईकडची अशी काही मुले मला माहीत आहेत. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघून चाकणला गेलेली, तिथून चेन्नई, सानंद, कधी परदेशात सहा महिने. काम संपले की प्रोग्रॅमचा बॅकअप कंपनीच्या हवाली करायचा, गेटपास परत करायचा आणि पुढच्या फोनची वाट पाहायची. बिघाड कुठे येतो, तो का येतो, दुपारच्या उन्हावर कोणता उपाय चालला, हे सगळे त्या बॅकअपमध्ये राहते. त्याचे नाव राहत नाही.

ठेक्याचा हा प्रश्न छत्तीसगडला नवा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत हजारो ठेका मजूर घणाने दगड फोडत, निवडत आणि ट्रकमध्ये भरत. कारखान्यातल्या कायम कामगाराला मिळणारे काहीच त्यांना मिळत नव्हते. १९७७ मध्ये त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा केला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मजूर मेले. त्यानंतरचा मोठा झगडा यंत्रांवरून झाला. व्यवस्थापनाला खाणींचे संपूर्ण यांत्रिकीकरण हवे होते. युनियनने यंत्राला सरसकट नकार दिला नाही, तर अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला: अवघड, घातक काम यंत्राने करावे, पण माणसे कामावर राहावीत. यंत्र हवे की नको, एवढाच प्रश्न विचारणाऱ्यांना या मजुरांनी तिसरा प्रश्न शिकवला: यंत्र कोणत्या अटीवर? पुढे नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांचे आंदोलन हाती घेतले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत त्यांची गोळी घालून हत्या झाली.

कायद्याचा प्रवास याला समांतर आहे. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा १९७० चा. नावात निर्मूलन होते आणि बारमाही कामात कंत्राटी पद्धतीला बंदी घालण्याची तरतूदही होती. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ व्या अनुच्छेदाचा अर्थ विस्तारला. दारिद्र्यामुळे किमान वेतनाहून कमी पैशांत राबावे लागणे हीसुद्धा सक्तीच, असे ते म्हणाले. हातात चाबूक असलेला माणूस समोर नसला तरी बेगार असू शकते, हे या निकालाने मान्य केले. पण ३० ऑगस्ट २००१ रोजी, भिलाईचा कारखाना ज्या महामंडळाचा आहे त्या ‘सेल’च्या खटल्यात, त्याच न्यायालयाने ठरवले की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. त्यानंतरचा कल सरकारी उद्योग पाहणीत दिसतो. शतकाच्या सुरुवातीला संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा कंत्राटी होता. २०२२-२३ पर्यंत तो ४० टक्क्यांच्या वर गेला.

इथे एक सावधगिरी हवी. पेंडंट धरणारा तरुण म्हणजे दल्ली राजहराचा मजूर नव्हे. त्याला पगार बरा मिळतो, तो विमानाने जातो, नको असलेले काम कधी कधी नाकारूही शकतो. त्याला वेठबिगार म्हणणे हा खऱ्या वेठबिगारांवर अन्याय होईल. शिवाय तो ज्या लाइनवर रोबोटला डोळा देतो, तिथे बऱ्याचदा आधी एखादा कंत्राटी मजूर हाताने भाग उचलून ठेवत असतो. त्याच्याकडे बघूनच हा शिकतो, की भाग कुठे अडकतो, कोणत्या कोनातून उचलला तर सुटतो. मग ते रोबोटला शिकवतो. मजूर जातो, काही दिवसांनी शिकवणाराही जातो. एका कंत्राटी माणसाच्या डोळ्यातले ज्ञान दुसऱ्या कंत्राटी माणसाच्या हातून यंत्रात उतरते आणि दोघेही गेटबाहेर असतात.

साम्य असलेच तर ते इथे आहे. वेठीची खूण केवळ मोबदला न मिळणे ही नव्हती. वेठीच्या कामावर करणाऱ्याचा हक्क उरत नसे, ही तिची दुसरी खूण. किल्ल्याच्या भिंती वेठीने चढल्या, पण शिलालेखात नाव राजाचे. कंत्राटात मोबदला आहे, करारपत्र आहे, सहीसुद्धा आहे. तरी ही दुसरी खूण शिल्लक आहे. अनुवादाचे काम शब्दागणिक दराने करणाऱ्या माझ्यासारखीला ती ओळखायला वेळ लागत नाही. पण निदान अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर हवे की नको, याची चर्चा तरी होते. रायपूरचे माधवराव सप्रे यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, हे आज शाळेतल्या मुलांना माहीत असते. रोबोट शिकवणाऱ्यांच्या नावाबद्दल तर अजून कुणी विचारलेलेही नाही.

ही माणसे इतिहासाच्या फटीत पडतात. कंपनीच्या गौरवग्रंथात ती येणार नाहीत, कारण ती कंपनीची नाहीत. कामगार चळवळीच्या इतिहासातही येणार नाहीत, कारण त्यांची युनियन नाही आणि ती स्वतःला कामगार म्हणवत नाहीत. ‘व्हेंडरचा माणूस’ एवढीच त्यांची ओळख. १९७० च्या कायद्याच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही कामगारच होता, याची आठवण त्यांना कुणी करून दिलेली नाही. दल्ली राजहराच्या मजुरांकडे एक होते: सगळे एकाच टेकडीवर, एकाच वस्तीत राहत. चाकणचा हा तरुण पुढच्या महिन्यात सानंदला असेल.

त्यांच्या कामाचा एक कागद मात्र उरतो. प्रोग्रॅममध्ये ओळींच्या शेजारी शेरे लिहायची सोय असते. रोबोट ते वाचत नाही. ते पुढच्या माणसासाठी असतात. कॅमेरा हलवू नका, दुपारी दिवा वाढवा, हा बिंदू बदललात तर त्यानंतरचे तीनही तपासा. अशा शेऱ्यांतून एक माणूस आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी घेत असतो. चाकणच्या कारखान्यांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने हे शेरे मागून घ्यावेत आणि शक्य असेल तिथे ते कुणी लिहिले हेही विचारावे. फॅनकच्या रोबोटसाठी असे प्रोग्रॅम ज्या एका भाषेत लिहिता येतात, तिचे नाव ‘कारेल’ आहे.