चौथ्या मजल्यावरची ज्युडी

तारीख ५ एप्रिल १९७७. सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, साहेबांच्या केबिनमध्ये तुम्ही दाटीवाटीत उभे आहात. खोलीतली निम्मी माणसं व्हीलचेअरवर आहेत, त्यामुळे आपण उभे आहोत यानेच तुम्हाला जरा अवघडल्यासारखं होतंय. टेबलापलीकडे आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे विभागीय संचालक. अलीकडे एकोणतीस वर्षांची, मोठ्या भिंगांचा चष्मा घातलेली ज्युडी ह्यूमन. कलम ५०४च्या नियमांचं पुढे काय झालं, असं ती विचारते. हे कलम म्हणजे काय, हेच साहेबांना ठाऊक नाही.

कलम साधं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला, मग ती शाळा असो, इस्पितळ असो की विद्यापीठ, अपंगत्वाचं कारण देऊन कुणाला नाकारता येणार नाही. कायदा १९७३ साली झाला. पण त्याचे नियम सहीवाचून चार वर्षं पडून. फाईल कशी पडून राहते, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

ज्युडी साहेबांना धारेवर धरते आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगते, आज घरी जायचं नाही. शंभराहून जास्त माणसं तिथेच पथारी पसरतात. सोबत फारशी औषधं नाहीत, मदतनीस कमी, अंथरुणं तर नाहीतच. तुम्हीही थांबा. पण रात्र पडेपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात ही बाई एवढी खमकी कुठे झाली ते पाहून येऊ.

ब्रुकलिन, १९५३. बाप मांसविक्रीच्या दुकानात राबणारा. आईबाप दोघेही जर्मन ज्यू; कोवळ्या वयात एकेकटे अमेरिकेत पाठवले गेले म्हणून वाचले, मागे राहिलेले घरचे हिटलरच्या राज्यात मारले गेले. ज्युडीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. हिला संस्थेत ठेवा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. लेकराला घरापासून तोडायचं, हे या दोघांना कोण पटवून देणार! आता पाच वर्षांच्या ज्युडीला घेऊन आई शाळेच्या दारात उभी आहे आणि मुख्याध्यापक म्हणताहेत, व्हीलचेअरमुळे आगीचा धोका आहे, प्रवेश मिळणार नाही. मग आठवड्याला अडीच तास घरी येणाऱ्या शिक्षिकेवर काम भागवलं गेलं. आई मात्र कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. नऊ वर्षांची झाल्यावर ज्युडीला शाळा मिळाली, तीही तळघरातली. धडधाकट मुलं वरच्या मजल्यांवर.

थोडं पुढे सरका. १९७०, न्यू यॉर्क. ज्युडीला शिक्षिका व्हायचंय. लेखी परीक्षा पास, तोंडी पास, उरली वैद्यकीय तपासणी. तपासणारी डॉक्टर तिला विचारते, तू संडासला कशी जातेस ते मला करून दाखव. या खोलीत तुम्हाला एक मिनिटही थांबवणार नाही. निकाल आला: दोन्ही पायांना पक्षाघात, सबब अपात्र. ज्युडीने शिक्षण मंडळाला कोर्टात खेचलं. रूझवेल्ट पोलिओनंतर राष्ट्राध्यक्ष झाले, मग हिला शाळेचा वर्गही शिकवता येत नाही का, अशी चर्चा वर्तमानपत्रांत झाली. खटला कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली यांच्यापुढे आला. केंद्रीय न्यायाधीश झालेल्या या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. मंडळाने वारा ओळखला आणि तडजोड केली. ज्युडीने तीन वर्षं शिकवलं.

आणि १९७१ चा उन्हाळा. कॅट्सकिल डोंगरांमधल्या कॅम्प जेनेडमध्ये जाताना घाई करू नका. अपंग मुलांचं हे शिबिर, पण कुणी कुणाची कीव करत नाही. बेसबॉल, गिटार, सिगारेटी, पहिली चुंबनं, सगळं चालू आहे. ज्युडी लहानपणी इथे दर उन्हाळ्यात यायची, आता ती इथली कार्यकर्ती आहे. जेवायला काय करायचं यावर टेबलाभोवती चर्चा चाललीय. लझानिया की आणखी काही? एका मुलीला बोलायला वेळ लागतो, शब्द ओठांपर्यंत यायला झगडतात. ज्युडी थांबते. बाकीचेही थांबतात. तिचं मत येतं, मग पुढच्याचं. बेत ठरायला भलताच वेळ लागला, पण एकालाही वगळलं गेलं नाही. मला विचाराल तर सॅन फ्रान्सिस्कोचं आंदोलन या लझानियाच्या टेबलावर शिजलं.

चला परत, चौथ्या मजल्यावर. आठवडा उलटलाय. सरकारने फोन तोडलेत, म्हणून कर्णबधिर कार्यकर्ते खिडकीशी उभे राहून खाणाखुणांच्या भाषेत खालच्या लोकांना निरोप देताहेत. एअर कंडिशनरच्या तोंडाला खोका चिकटवून औषधांसाठी फ्रिज बनवलाय. संध्याकाळी कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक गरम जेवणाची भांडी घेऊन येतात, कारण त्यांचा ब्रॅड लोमॅक्स आत बसलाय आणि त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. रात्री दोनला कुणीतरी तुम्हाला हलवून उठवतं. हात धड आहेत ना, मग चला. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांना वळवायचंय, नाहीतर पाठीला जखमा होतील. कुणाची लघवीची पिशवी रिकामी करायचीय. तुम्ही बिचकता. ज्याला वळवायचं तोच तुम्हाला हात कुठे घालायचा ते सांगतो, वर एखादा विनोदही करतो.

१५ एप्रिलला याच इमारतीत दोन खासदार सुनावणी घेतात. वॉशिंग्टनहून आलेला अधिकारी अपंगांसाठी 'वेगळी पण समान' व्यवस्था सुचवतो. काळ्यागोऱ्यांच्या शाळांबाबत हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच मोडीत काढला होता. मग ज्युडी बोलते. तिचा आवाज कापतोय, डोळे भरलेत, आणि समोरचा अधिकारी समजूतदारपणे मान डोलावतोय. ती वाक्य तोडून त्याला सुनावते: आम्ही काय म्हणतोय ते तुम्हाला कळतंय असं मला वाटत नाही, तेव्हा मान हलवणं थांबवा.

पुढे काही जण वॉशिंग्टनला गेले, बंद ट्रकच्या मागच्या भागात अंधारात बसून त्याच खात्याच्या मंत्र्यांच्या घरापर्यंत पोचले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. ३० तारखेला सगळे गात बाहेर पडले.

पुढची वर्षं तुम्ही भराभर पार केलीत तरी चालेल: क्लिंटनच्या काळात शिक्षण खात्यात मोठं पद, नंतर जागतिक बँक, ओबामांच्या काळात परराष्ट्र खात्यात सल्लागार. पण १९९२ साली जरा रेंगाळा. ज्युडीचं लग्न आहे. नवरा होर्हे पिनेडा, मेक्सिकोचा, तोही व्हीलचेअरवर. अपंग बाईने लढावं हे लोकांना मानवतं. तिने प्रेमात पडावं, संसार मांडावा, हे मात्र तेव्हाही अनेकांना झेपत नव्हतं आणि आजही झेपत नाही. 'व्यंगावर मात' या मथळ्याची मला म्हणूनच चीड आहे. ज्युडीने कशावरही मात केली नाही. पोलिओ आयुष्यभर तसाच राहिला, आणि ती त्याबद्दल रडतही बसली नाही. पायऱ्या, बंद दारं आणि मान डोलावणारी माणसं, तिची भांडणं यांच्याशी होती.

४ मार्च २०२३ रोजी वॉशिंग्टनमध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी ज्युडी गेली. शिबिरातला तो लझानियाचा प्रसंग २०२० च्या 'क्रिप कॅम्प' या माहितीपटात पाहायला मिळतो, जरूर पाहा. आणि तुमच्या ओळखीतल्या अशा एखाद्या बाईवर दोन शब्द लिहायची वेळ आली, तर आजाराचं नाव शेवटी टाका. ती कुणाशी भांडली, कुणाला जीव लावला, काय खायला मागायची, ते आधी लिहा.