वाढदिवसाचा केक आणि आपला उन्हाळा

आज आपण केकवरच्या आयसिंगबद्दल बोलणार आहोत. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे.

एप्रिल-मे लागला की इथे नवी मुंबईत आमच्या गटांमध्ये एकच चर्चा असते: घरी केलेल्या केकवर लावायचं काय? क्रीमचा केक घरातून निघतो तेव्हा झकास दिसतो. रिक्षातून उतरेपर्यंत त्याची फुलं ओघळलेली असतात. गिऱ्हाईक पैसे देत नाही आणि सामानाचा खर्च गटावर पडतो. क्रीम खराब झालं असेल तर लेकरांची पोटंही बिघडतात.

आपल्या आई-आजींना ही चिंता नव्हती, कारण वाढदिवसाला केकच नव्हता. अनेकींना तर आपली जन्मतारीखही ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, तीच कायमची झाली. ज्या घरात तारीख किंवा तिथी माहीत असे, तिथे पाटावर बसवून औक्षण व्हायचं आणि शिरा नाहीतर खीर व्हायची.

मग आपल्या भागात केक कुणाकडे होता? वसई, साष्टी, ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात. ही माणसं आपल्यासारखीच दमट हवेत राहणारी. युरोपात केकवर बदामाचा साखरेतला गोळा लाटून घालतात, त्याला मार्झिपान म्हणतात. बदाम महाग, पण काजू इथलाच झालेला. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात काजूचं झाड आपल्या किनाऱ्यावर आणलं होतं. म्हणून इकडच्या बायकांनी मार्झिपान काजूचंही केलं. आपल्या काजूकतलीची बहीणच म्हणा ना! त्यात लोणी नाही, क्रीम नाही, त्यामुळे उन्हानं वितळून वाहण्याची भीती नाही.

दुसरे इराणी बेकरीवाले. मुंबईत ग्रँट रोडला १९१४ साली मेरवान सुरू झालं, पुण्यात १९५५ साली कयानी. दोन्हीकडचा मावा केक प्रसिद्ध. हा केक बिनआयसिंगचा असतो. खवा केकच्या आतच असतो आणि भट्टीत भाजून निघतो. असा केक कागदात बांधून गाडीनं नेला तरी बिघडत नाही.

क्रीमचं आयसिंग आलं ते थंड देशांतून, आणि त्याला थंडाईच लागते. १८३०च्या दशकात मुंबईत बर्फ अमेरिकेहून जहाजानं येई, लाकडाच्या भुशात पुरून. तो परवडायचा फक्त श्रीमंतांना. आपल्याकडे फ्रिज बनू लागला १९५८ साली, गोदरेजच्या कारखान्यात. तो साध्या घरात यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. तोवर क्रीमचा केक म्हणजे दुकानातलीच गोष्ट होती.

लोण्याचं आयसिंग घरी जमतं, पण लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळतं. आपल्या मे महिन्याच्या दुपारचं तापमान तेवढंच! यावर बेकरीवाल्यांनी उपाय काढला वनस्पती तुपाचा. १९३७ साली डालडा बाजारात आला. त्याचं आयसिंग घट्ट राहतं, पण टाळूला चिकटतं. शिवाय असल्या तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला वाईट. म्हणून २०२२पासून तिची मर्यादा २ टक्के झाली आहे. डबा घेताना लेबल वाचून घ्या.

आज आपण पाकिटातली व्हिप क्रीम फेटतो, तीही बहुतेक वेळा दुधाची नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत दुधाच्या क्रीमची टंचाई होती. तेव्हा १९४५ साली रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटता येणारी क्रीम काढली. आपली पाकिटं त्याच वंशातली. दुधाच्या क्रीमपेक्षा ती जास्त टिकते, पण उन्हात तीही बसते. फेटताना भांडं बर्फावर ठेवायचं. वितळलेलं पाकीट पुन्हा गोठवायचं नाही.

राहिलं साखरेचं पांढरं आयसिंग. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या केकवर तेच होतं. ते उन्हानं वितळत नाही, त्याचा वैरी दमटपणा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात ते छान वाळतं. आमच्या खाडीकाठी मात्र त्याला घाम फुटतो आणि ते चिकट होतं. त्यात कच्च्या अंड्याचं पांढरं घालतात, ते उन्हाळ्यात टाळलेलंच बरं.

तर मैत्रिणींनो, आयसिंग निवडताना फोटो पाहू नका, तास मोजा. केक फ्रिजमधून निघाल्यापासून सुरी लागेपर्यंत किती वेळ जाणार? अर्धा तास आणि खोली थंड, तर व्हिप क्रीम चालेल. एक-दोन तास आणि वाटेत ऊन, तर केक थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचे पॅक ठेवून न्या, आणि क्रीमचा थर पातळ ठेवा. मांडवात, अंगणात, दिवसभर केक उघडा राहणार असेल, तर काजूचं आवरण घाला, नाहीतर मावा केकच द्या. वरून थोडी पिठीसाखर आणि बदामाचे काप.

गिऱ्हाईक क्रीमचाच हट्ट धरेल. तेव्हा न लाजता सांगा की बिनक्रीमचा केक गरिबाचा नसतो. शंभर वर्षं मुंबईनं तो आवडीनं खाल्ला आहे, आणि तो लेकरांना बाधत नाही. ऑर्डर घेतानाच हे बोलून घ्या, म्हणजे पुढे वाद नको आणि गटाचा पैसाही सांभाळला जाईल.