झाशीची नाट्यशाळा आणि गोड गाण्याचा वाद

झाशीच्या किल्ल्यात एक समाधी आहे. तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौसखान आणि खुदाबक्ष या दोन वीरांच्या नावांबरोबर तेथे तिसरे नाव आहे ते मोतीबाईचे. ही मोतीबाई राजा गंगाधरराव नेवाळकर यांच्या नाट्यशाळेतील नटी होती आणि 1858 च्या वेढ्यात ती राणीच्या बाजूने लढली, असे झाशीकर परंपरेने सांगत आले आहेत. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी 1946 साली प्रसिद्ध केलेल्या ‘झाँसी की रानी’ या कादंबरीत तिला जे स्थान दिले, त्यामुळे ती पुढे घरोघरी पोहोचली. रंगमंचावर गाणारी स्त्री आणि तोफेजवळ उभी राहणारी स्त्री एकच असू शकते, ही गोष्ट त्या दगडाने मुकाट्याने सांगून ठेवली आहे.

ज्या राजाने ती नाट्यशाळा उभारली त्याच्या वाट्याला मात्र इतका उदार न्याय आला नाही. गंगाधरराव 1838 मध्ये झाशीच्या गादीचे वारस ठरले आणि 21 नोव्हेंबर 1853 रोजी वारले. ग्रंथांचा संग्रह आणि नाटक ही त्यांची दोन मोठी व्यसने होती. ते केवळ नाटके करवून घेत नसत, तर स्वतः वेष घेऊन उभे राहत आणि स्त्रीभूमिकाही करीत. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्याच्या वेळी झाशीत होते. ‘माझा प्रवास’ या 1907 साली छापल्या गेलेल्या पुस्तकात त्यांनी राजाच्या लुगड्या-बांगड्यांच्या हौशीबद्दल लिहिले आहे. भटजी झाशीस पोहोचले तेव्हा राजाला जाऊन चार वर्षे उलटली होती. तेव्हा त्यांनी नोंदविले ते गावात ऐकलेले होय. त्याच ऐकीव कथेत राजाचे एक उत्तर आहे. इंग्रज अधिकाऱ्याने या वेषाविषयी विचारले असता, तुम्हीच साऱ्या राजेरजवाड्यांच्या हातांत बांगड्या भरल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले म्हणतात. कथा खरी असो वा रचलेली, ती सांगणाऱ्या गावाला तिच्यातील दुखणे नेमके समजले होते.

1854 मध्ये झाशीचे राज्य खालसा झाले, ते दत्तकविधान अमान्य करून. नाटकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही पुढच्या पिढ्यांनी राजाला तोलताना त्याच्या अंगावरचे लुगडे तराजूत घातलेच. राणी तेजस्वी, म्हणून राजा नेभळट, असे सोपे चित्र तयार झाले. पन्नास वर्षे लोटतात न लोटतात तोच, 1905 साली, नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत दाखल होऊन शकुंतलेच्या वेषात उभा राहिला आणि तोच महाराष्ट्र त्याच्या पावलांवर फुले उधळू लागला. झाशीत जे व्यसन ठरले, ते पुण्या-मुंबईत कला ठरले. हा फरक कशाने पडला, हा प्रश्न रंगभूमीच्या इतिहासाइतकाच संगीताच्याही इतिहासाचा आहे. वेषाबद्दलचा संशय आणि गोड, सुलभ गाण्याबद्दलचा संशय हे दोन्ही गवयांच्या चर्चेत नेहमी हातात हात घालून येत आले आहेत.

गोड गाण्यावरचा आक्षेप किती जुना आहे, हे पाहावयास झाशीपासून फार दूर जावे लागत नाही. उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरांवर ग्वाल्हेर आहे. तेथे राजा मानसिंह तोमर याने 1486 ते 1516 या आपल्या कारकीर्दीत धृपदाला आश्रय दिला. ते धृपद त्या काळी नवे होते. संस्कृत प्रबंधांच्या जागी लोकांना कळणारी देशी भाषा त्याने आणली. म्हणजे आज जे गायन गांभीर्याचे शिखर मानले जाते, ते एकेकाळी सुलभतेकडे टाकलेले पाऊल होते. पुढे त्याच ग्वाल्हेरीत हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ यांनी ख्यालाला वैभव दिले, तेव्हा धृपदाच्या कठोर शिस्तीपुढे ख्यालाची ताना-मुरक्यांची नजाकत अनेकांना नाजूक, किंबहुना बायकी वाटली. मग ख्याल प्रतिष्ठित झाला आणि संशयाची नजर ठुमरीकडे वळली. झाशीजवळच्या दतिया दरबारात कुदऊसिंहांचा पखवाज गर्जत होता, त्याच एकोणिसाव्या शतकात लखनौ-बनारसकडची ठुमरी रसिकांची मने जिंकीत होती. प्रत्येक पिढीने आपल्या मागच्या पिढीचे हलके गाणे भारदस्त मानले आणि आपल्या पुढच्या पिढीचे भारदस्त होऊ पाहणारे गाणे हलके ठरविले.

हाच वाद ग्वाल्हेरच्या गायकीबरोबर दक्षिणेत उतरला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी हद्दू-हस्सूखाँच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी कष्टाने विद्या मिळविली आणि ती महाराष्ट्रात रुजविली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गवई म्हणजे दरबाराचा किंवा माडीचा आश्रित, ही समजूत पलुस्करांना पुसून टाकावयाची होती. म्हणून त्यांनी चिजांतील शृंगारिक शब्द बदलून तेथे भक्तिपर शब्द घातले आणि शिष्यांना कडक शिस्त लावली. गाणाऱ्याचे रूप, वागणे आणि शब्द शुद्ध असल्याखेरीज समाज गाण्याला मान देणार नाही, हे त्यांचे मत होते. त्या काळचा गवयाविषयीचा तिरस्कार ध्यानात घेतला, म्हणजे त्या मताचे बळ कळते.

दुसरी वाट भास्करबुवा बखले यांची. बुवा बालपणी किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करीत. आवाज फुटल्यावर ते नाटकातून बाहेर पडले आणि फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्यापाशी त्यांनी विद्या संपादन केली. अशा तीन थोर उस्तादांचा हा शिष्य मैफलीच्या गादीवर बसून नाटकाला नाके मुरडील, असे वाटण्याजोगे होते. घडले उलटे. त्यांनी 1911 साली पुण्यास भारत गायन समाज काढला, आणि 1916 च्या ‘स्वयंवरा’ला चालीही दिल्या. रागाची सारी प्रतिष्ठा त्यांनी चार ओळींच्या पदात बसविली आणि ती बालगंधर्वांच्या गळ्यातून, शालू नेसलेल्या रुक्मिणीच्या रूपाने, हजारो लोकांपर्यंत पोहोचविली. ज्यांनी जन्मात ख्यालाची मैफल ऐकली नव्हती ते लोक भीमपलास आणि यमन गुणगुणू लागले. त्याआधी, 1911 च्या ‘मानापमाना’त, गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली मराठी पदांना दिल्या होत्या. टेंबे हे अल्लादियाखाँचे निस्सीम भक्त. हलक्याफुलक्या चाली बांधल्याने त्या भक्तीस बाध येतो, असे त्यांना वाटले नाही.

विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. एकेका पदाला पुन्हा पुन्हा टाळ्या घेत नाटक तासन् तास थांबावे, कथेतील दुःखाच्या प्रसंगी नायिकेच्या शालूची चर्चा व्हावी, गळ्याच्या गोडव्याने तालमीची उणीव झाकली जावी, हे दोष डोळ्यांसमोर होते. गोडवा हे साध्य झाले की विस्तार खुंटतो, ही जाणत्यांची भीती होती. पण दोष गोडव्याचा की वेषाचा, याचे उत्तर त्याच रंगभूमीने देऊन ठेवले आहे. ‘भावबंधना’त लतिकेचा वेष घेणारे मास्टर दीनानाथ त्याच काळातले. अंगावर स्त्रीवेष असो वा पुरुषवेष, त्यांचा गळा मात्र विजेसारखा आक्रमक होता. पुढे ‘रणदुंदुभी’ आणि 1931 चे ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांना ग्वाल्हेरच्या तालमीतल्या वझेबुवांनी चाली दिल्या, तेव्हा त्या आवेशी गळ्याला त्याच्या योग्यतेचे भक्ष्य मिळाले. वेष कोमल म्हणून गाणे कोमल होत नाही, आणि गाणे कोमल म्हणून ते कमी प्रतीचे होत नाही, हे एवढ्यावरून दिसावे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा होता. पुरुषाने लुगडे नेसले तर कौतुक, आणि स्त्री त्याच मंचावर उभी राहिली तर कुजबूज. मोगूबाई कुर्डीकर लहानपणी नाटक मंडळ्यांत होत्या. अल्लादियाखाँची तालीम लाभल्यावर त्यांनी रंगमंच सोडून मैफलीची कठोर वाट धरली. हिराबाई बडोदेकरांनी दोन्ही वाटा एकत्र केल्या. त्यांनी नाटकातून कामे केली आणि तिकिटाच्या जाहीर मैफलीही केल्या. साध्या, घरंदाज वेषात, हातवारे न करता गाणारी हिराबाईंची मूर्ती हेही एक मंचरूपच होते. त्या रूपामुळे मध्यमवर्गीय घरांतील मुलींना गाणे शिकण्याची वाट मोकळी झाली.

सातासमुद्रापलीकडे जॅझ संगीतातही हाच तंटा झाला, आणि त्याचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. अल्दोन्याचे अंतोनिओ झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट वाजवीत. लुई आर्मस्ट्राँगचे वादनच नव्हे, तर त्याचे मंचावरचे हावभावही त्यांनी उचलले होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या वाद्यवृंदात ते होते, आणि 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या नाचऱ्या संगीतात त्या जॅझचा वास दरवळतो. चिकने ज्याला आदर्श मानले त्या आर्मस्ट्राँगच्या रुंद हास्याला अमेरिकेत मात्र त्याच्याच वंशाचे तरुण वादक नावे ठेवीत. गोऱ्या श्रोत्यांपुढचे ते लाचार हसू आहे, असे डिझी गिलेस्पीला वाटे. 1979 च्या आत्मचरित्रात गिलेस्पीने आपली चूक कबूल केली. वंशद्वेषालाही आपला आनंद हिरावून घेऊ न देण्याचा तो निर्धार होता, हे त्याला उशिरा उमगले. पुढे ‘स्मूद जॅझ’ या नावाने एक गुळगुळीत, सुखद प्रकार लोकप्रिय झाला. केनी जी या सॅक्सोफोनवादकाने दिवंगत आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणावर आपले वादन चढविले, तेव्हा 2000 साली गिटारवादक पॅट मेथेनीने त्याच्यावर जाहीर कोरडे ओढले. मेथेनीचा राग गोडव्यावर नव्हता, तर ज्या सुरामागे शोध नाही त्या सुराने थोरांच्या शेजारी जाऊन बसावे याचा होता.

ही कसोटी मराठी गवयांनीही शेवटी मानली. बालगंधर्वांच्या गाण्याकडे नाटकी म्हणून पाहण्याची रीत असताना कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. ज्या गाण्याची नक्कल सारे करीत, त्यामागचा विचार त्यांनी शोधून दाखविला. जितेंद्र अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ आणि 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांत पदे आटोपशीर केली आणि जुन्या आक्षेपाला भांडणाऐवजी कृतीने उत्तर दिले. ‘कट्यारी’त वसंतराव देशपांड्यांनी उभा केलेला खाँसाहेब हाही अखेर एक वेषच होता, आणि त्या वेषातून अस्सल ख्याल लोकांच्या कानी पडला.

गवयांची मते अशी भिन्न राहिली आणि ती राहावीत हेच बरे. पलुस्करांच्या शुचितेशिवाय गवयाला समाजात उभे राहता आले नसते, आणि भास्करबुवांच्या औदार्याशिवाय समाजाला गवयापाशी येता आले नसते. काळाच्या ओघात शालूचे रंग विटले, नाटक मंडळ्यांचे तंबू उठले, वन्समोअरचा गजर थांबला. मागे उरले ते ज्यात सुराचा शोध होता तेवढेच.

झाशीच्या गंगाधररावांना ही परीक्षा देण्याची संधीच मिळाली नाही. त्यांचा ग्रंथसंग्रह 1858 च्या लुटीत नष्ट झाला, आणि नाट्यशाळेत काय गायिले गेले ते ऐकणारे कान इतिहासजमा झाले. इतिहासाच्या हाती केवळ त्यांचा वेष लागला आणि त्यावरूनच त्याने निकाल दिला. पण त्याच नाट्यशाळेतून आलेल्या मोतीबाईची समाधी किल्ल्यात तोफखान्याच्या वीरांशेजारी आहे. वेषावरून माणसाची किंवा गाण्याची पारख करणाऱ्यांनी तेथे क्षणभर थांबावे.