गावांच्या नावातली बाग

"अस्सल देशी झाडांची बाग बघायला कुठं जाऊ?" असं कुणी विचारलं तर मी हल्ली शिरूर-दौंड असं सांगतो. समोरचा हसतो. साहजिक आहे. शिरूर म्हटलं की रांजणगावचा गणपती आणि एमआयडीसी, दौंड म्हटलं की जंक्शन. तिथे कसली आलीय बाग?

तिकीट काढून आत जायची बाग तिथे नाहीच. पण बागेचा जीव असतो तिच्या यादीत: कोणतं झाड, कुठे. आणि ती यादी या दोन तालुक्यांकडे आहे. बघा.

शिरूर तालुका: बाभुळसर, निमगाव म्हाळुंगी, पिंपळे, करंजावणे, हिवरे, वडगाव रासाई, मोराची चिंचोली.
दौंड तालुका: बोरी पारधी, बोरीबेल, पिंपळगाव, हिंगणी बेर्डी, हिंगणीगाडा.

बाभूळ, निंब, पिंपळ, करंज, हिवर, वड, चिंच, बोर, हिंगण. एसटीच्या पाट्या वाचल्या तरी अर्धा वनस्पतिशास्त्राचा तास होतो! गावाला नाव देणाऱ्याने आजूबाजूला बघितलं, डोळ्यात भरलं ते झाड उचललं आणि गावाला चिकटवलं. लॅटिन नाव नाही, नमुना क्रमांक नाही, पण स्थळ मात्र अचूक.

आता जरा इतिहास. या भागातली 'अधिकृत' बाग इंग्रजांची. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान सुरू केलं. १८३८ पासून ते अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरच्या ताब्यात आलं. त्या काळी औषधं झाडांपासून बनायची, त्यामुळे डॉक्टरने बाग सांभाळणं यात नवल नव्हतं. याच गिब्सनकडे नारायणगावजवळच्या हिवरे गावातलीही एक सरकारी बाग होती. म्हणजे बघा, हिवराच्या झाडावरून नाव पडलेल्या गावात कंपनी सरकारने बाग केली, आणि तिथे काय लावायचं ते ठरलं सरकारच्या औषधभांडाराची गरज बघून. कुठलं परदेशी झाड इथे जगेल, कशातून पैसा निघेल, हाच अशा बागांचा मुख्य धंदा. इथे जे आपोआप उगवतं त्याची बाग कशाला करायची, असा हिशोब.

पण गिब्सनवर अन्याय नको. झाडं तोडली की पाणी आटतं, असं तो सरकारला लिहून कळवत राहिला. १८४७ साली मुंबई इलाख्याचा जंगल संरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच सुमारास त्याने एका स्थानिक चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या बागेत जपून ठेवली आहेत. आणि १८६१ मध्ये डालझेलबरोबर त्याचं 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक निघालं. दापोडीची बाग मात्र १८६५ मध्ये बंद झाली.

पुढचा माणूस आपल्या जातकुळीचा, म्हणजे इंजिनियर! थिओडोर कुक हा आयरिश गृहस्थ बीबीसीआय रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानात आला आणि नंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा (म्हणजे आपल्या सीओईपीचा) प्रिन्सिपॉल झाला. आणि या माणसाने निवृत्तीनंतर काय करावं? मुंबई इलाख्यातल्या समस्त वनस्पतींची नोंद! १९०१ ते १९०८ या काळात त्याचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' भागाभागाने छापून आला, आणि १९५८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो पुन्हा छापला. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे लॅटिन नावांच्या जोडीला दिलेली देशी नावं. ही नावं साहेबाला कुणीतरी सांगितली असणार. गुराख्याने, वैदूने, माळ्याने. त्यांची नावं मात्र पुस्तकात शोधून सापडत नाहीत. सापडतात ती गावांच्या पाट्यांवर.

ही बाग एका दिवसात आरामात बघून होते. ऑक्टोबरमधला एक शनिवार घ्या. सोलापूर रोडने चौफुल्यापर्यंत जा आणि उजवीकडे सुप्याला वळा. तालुका बारामती लागतो, पण माळ तोच. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे, क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली राखलेलं. गुडघाभर पिवळं पडत चाललेलं गवत, मधूनच छत्रीसारखा पसरलेला हिवर, बोरी, तरवडाची पिवळी फुलं. एवढंच. मग मागे फिरून पारगावला भीमा ओलांडा आणि न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठा. भीमेच्या आजूबाजूला नुसता ऊस. माळ संपला की कळतं, आपण कशातून आलो ते.

याच फिरण्यात मी एका चहाच्या टपरीवर हिंगणाची चौकशी केली. आईचं माहेर दौंड तालुक्यातलं, आणि आजी रेशमी लुगडं हिंगणाच्या गराने धुवायची हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या फळाचं टणक कवच पोखरून, दारू भरून फटाकेही करत म्हणे. टपरीवरच्या मुलाला झाड माहीत नव्हतं. बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "हिंगणबेट व्हय? त्यो काय बांधावर. कशाला पाहिजे रं, औषधाला का?" मी म्हटलं, "नाही आजोबा, नुसतं बघायला." त्यांना हे कारण काही पटलं नाही! काटेरी, वेडंवाकडं, हिरवट फांद्यांचं एकच झाड. आजोबांना माहीत, समोरच्या मुलाला नाही. म्हणजे फरक फक्त दोन पिढ्यांचा.

प्रोग्रॅमिंगमध्ये 'डँगलिंग पॉइंटर' म्हणून एक प्रकार असतो. नाव शिल्लक आहे, पण ते ज्याच्याकडे बोट दाखवतंय ती वस्तू केव्हाच पुसली गेलीय. प्रोग्रॅम लगेच कोसळत नाही, म्हणून तर तो धोकादायक. आपली गावं हळूहळू तशी व्हायला लागली आहेत.

आणि यात नुसता ऊस किंवा कारखाने दोषी नाहीत. झाडं लावणारेही आहेत! सरकारी नकाशात माळरान 'पडीक' या खात्यात पडतं, आणि पडीक दिसलं की आपण उत्साहाने खड्डे घेतो. मग गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर. पहिली दोन अमेरिका खंडातली, तिसरा मादागास्करचा. १८७० च्या दशकात हिंदुस्थानात आणलेली वेडी बाभूळ तर आता बोलवावीही लागत नाही. गवताळ माळावर दाट झाडी झाली की पवन्या, मारवेल ही गवतं मरतात, चिंकारा जातो, मेंढपाळाचा चराईचा माळ जातो. वृक्षारोपणाचा फोटो मात्र झकास येतो.

देशी म्हणजे काय, हाही सोपा प्रश्न नाही हं. चिंच मूळची आफ्रिकेची. तिचं इंग्रजी नाव मात्र अरबी 'तमर हिंदी'वरून आलं, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर! पण ती इतकी मुरली की चिंचोल्या वसल्या. म्हणून मला जन्मदाखल्यापेक्षा साधी कसोटी बरी वाटते: जिच्यावरून गावाला नाव पडलं, ती झाडं आपली.

तेव्हा नवी बाग उभारायला एकरभर जागा आणि निधी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. बाभुळसरला बाभूळ, करंजावण्याला करंज, हिंगणीला हिंगण, निदान शाळेच्या आवारात एकेक. आणि माळावर काहीच न लावता तो माळ म्हणून राहू देणं. यादी तयार आहे, पाट्याही लागलेल्या आहेत. फक्त पाटीखाली झाड हवं.