बोहारीण ते क्यूआर कोड

लहानपणी आमच्या दारात बोहारीण यायची. आईच्या जुन्या साड्या उलटसुलट करून बघायची, नाक मुरडायची. तासभर घासाघीस झाली की एक पातेलं मिळायचं. आईला वाटायचं आपण फसलो, बोहारणीला वाटायचं ती फसली! पण मोठा दगाफटका होत नसे. पुढच्या महिन्यात तिला याच गल्लीत यायचं असायचं.

१९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिड्यारने 'ऑक्शनवेब', म्हणजे पुढचं 'ईबे', सुरू केलं. सुरुवातीलाच तिथे एक मोडका लेझर पॉइंटर १४.८३ डॉलरला विकला गेला. पण अनोळखी माणसावर भरवसा कसा ठेवायचा? १९९६ मध्ये त्याने सोय केली, व्यवहार झाल्यावर एकमेकांविषयी शेरा लिहायचा. थोडक्यात, गल्लीतली पतच ती.

आपण मात्र फोटो टाकतो, नंबर देतो, बाकी नशीब.

परवा आईचं शिलाई मशीन विकायला काढलं. "लास्ट प्राइस?" विचारून गायब होणारेच फार. एकाने मात्र सांगितलेल्या किमतीला लगेच होकार दिला. "फौजेत आहे, माणूस पाठवतो," म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील."

बोट पिनपर्यंत गेलं होतं हो! मग आठवलं, २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही.

घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आईने दारातूनच परत पाठवलं असतं. असो. मशीन अजून घरातच आहे.