मर्यादेच्या मुद्रेपासून हॅशपर्यंत

श्रोतेहो, मुळशीच्या माणसाला कागदाची महती मी काय सांगावी? १९२१ साली धरणापायी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा सेनापती बापटांच्या मागे इथले मावळे सत्याग्रहास उभे राहिले. जमिनीचा वाद आला की प्रश्न येतो: कागद मूळचाच, की मागाहून कोणी हात घातला?

शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर राजमुद्रा असे आणि मजकूर संपे तिथे मर्यादेची मुद्रा. तिच्याखाली कोणी ओळ घुसडली तर उघडी पडे. परंतु मधल्याच ‘सात’चा कोणी ‘नऊ’ केला, तर मुद्रेला काय पत्ता?

संगणकाच्या फाइलीला ही उणीव भरून काढणारी खूण मिळाली. तिचे नाव हॅश. फाइलीतला सगळा मजकूर संगणक ठराविक गणितातून दळतो आणि अंक-अक्षरांची एक ओळ हाती देतो. रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ साली बसविलेल्या एमडी-५ या रीतीत ती ३२ अक्षरांची. मजकूर चिठ्ठीएवढा असो वा ग्रंथाएवढा. सातचा नऊ केलात की ओळ पार बदलते. आणि पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, तसा ओळीवरून मजकूर निघत नाही.

तपासात हे फार कामी येते. जप्त संगणकात लाखो फाइली. पुष्कळशा विंडोजसारख्या सॉफ्टवेअरच्या, आल्या तशाच. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने अशा ओळखीच्या फाइलींच्या हॅशांचे भांडार ठेवले आहे. जुळल्या त्या बाजूला, उरल्या त्या तपासायच्या. जत्रेत पाटलाने गावचे चेहरे सोडून परक्यांवर नजर ठेवावी, तसेच हे. फाइलीने नाव बदलले तरी ती सुटत नाही. हॅश नावाचा नसतो, मजकुराचा असतो.

रीतही म्हातारी होते म्हणा. २००४ साली चीनच्या वांग श्याओयुन व सहकाऱ्यांनी दोन निराळ्या मजकुरांची एमडी-५ ओळ एकच आणून दाखविली. २०१७ साली एसएचए-१ ची तीच गत झाली. आता भिस्त ६४ अक्षरांच्या एसएचए-२५६ वर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात संगणकीय पुराव्याच्या दाखल्यावर हॅश नोंदवावा लागतो.

२०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामागेही हॅशच आहे. मात्र प्रत छापली की ती खूण कागदावर उतरत नाही. म्हणून उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून पाहावा. आणि मुळातली नोंदच चुकली असेल, तर हॅश ती चूकही इमानाने जपतो. तिच्यासाठी पौडच्या तहसील कचेरीचीच पायरी चढावी लागते.